खाऱ्या टाकीतलं गोडं पाणी

ओंकार: आत्या, खडकांवर पुन्हा हिरवे केस उगवलेत. परवाच ब्रशने घासून काढले होते.

आत्या: घासलेलं सायफनने बाहेर काढलंस का?

ओंकार: नाही, फिल्टरमध्ये जाईल म्हटलं.

आत्या: तिथेच कुजलं असणार. त्यातलं नायट्रेट न् फॉस्फेट परत पाण्यात आलं, उरलेल्या शेवाळाला खत मिळालं. बरं, टाकीतलं पाणी कमी झालं की वरून कुठलं घालतोस?

ओंकार: बोअरचं. मीठ आतच राहतं, म्हणून गोडं पाणी घालायचं असं तूच म्हणाली होतीस.

आत्या: गोडं बरोबर, पण बोअरचं नाही रे. केडगावचा उन्हाळा कोरडा, त्यात गारव्यासाठी तू टाकीवर पंखा लावलेला. तुझ्या 200 लिटरमधून रोज तीन लिटर उडतं असं धर. महिन्याला 90 लिटर झालं. उडतं ते नुसतं पाणी, विरघळलेलं सगळं मागे राहतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, असं भारतीय मानक सांगतं. तुझ्या बोअरला तेवढं असेल, तर 90 लिटरमधून चार ग्रॅम आलं. म्हणजे एका महिन्यात टाकीत लिटरमागे 20 मिलिग्रॅमची भर, माशांना एक दाणाही न घालता! प्रवाळांच्या टाकीत आपण ते 2 ते 10 मध्ये ठेवायला धडपडतो. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय झालं, त्याच्यासमोरच समुद्र. आपला समुद्र पिशवीतल्या मिठाचा, म्हणून ते मीठ कशात कालवतो हे फार महत्त्वाचं.

ओंकार: सुरुवातीला तपकिरी थर यायचा, तोही यामुळेच?

आत्या: बहुतेक. ते डायटम. त्यांची कवचं सिलिकाची असतात, आणि आपल्या पायाखाली सगळा काळा बसाल्ट. त्यातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका येतेच.

ओंकार: मग स्वयंपाकघरातल्या आरओचं घालू?

आत्या: आधी त्याचा टीडीएस मोज. चव राहावी म्हणून बऱ्याच घरगुती आरओंमध्ये थोडं मूळ पाणी परत मिसळतात. टाकीसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले आयन काढणारा, डबा लावायचा आणि मीटरवर शून्य यायला हवं. तरी एक मेख आहे. रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटते. मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो, सिलिका त्याला जवळजवळ कळतच नाही, त्यामुळे तो शून्यच दाखवत राहतो. तपकिरी थर परत दिसला, तर रेझिन बदलायचं.

ओंकार: दुकानात शेवाळ मारायचं औषध मिळतं म्हणे.

आत्या: घेऊ नकोस. त्यातल्या काहींत तांबं असतं, गोगलगायी आणि कोळंबी जिवाला मुकतात. त्यापेक्षा टर्बो गोगलगायी आण. त्या आखूड शेवाळ खातात, लांब केस मात्र हातानेच उपटावे लागतील. आणि सम्पमध्ये, म्हणजे खालच्या जोडटाकीत, कीटोमॉर्फा वाढव. तेही शेवाळच, पण आपल्या सोयीच्या जागी वाढतं. वाढलं की मूठभर काढून टाकायचं, त्याच्यासोबत नायट्रेट-फॉस्फेटही बाहेर.

ओंकार: मग दोन्ही एकदम शून्यावरच आणू ना!

आत्या: मुळीच नको. प्रवाळांनाही ते लागतं. शिवाय अन्न पार संपलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट माजतात, बुडबुडे अडकलेले तपकिरी चिकट धागे. ते हटवणं या हिरव्या केसांपेक्षा कितीतरी जिकिरीचं. फॉस्फेट लिटरला 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास राहू दे.

ओंकार: पाणी सुधारलं की किती दिवसांत फरक दिसेल?

आत्या: महिने लागतील. खडकांनी फॉस्फेट शोषून ठेवलंय, पाण्यातलं कमी झालं की ते हळूहळू सोडत राहतील. तोवर दर आठवड्याला 20 लिटर बदल, त्याच वेळी केस उपटून सायफन कर. दिवे आठ तासच, आणि खिडकीतून ऊन येतं तिथे जाड पडदा लाव. वाळूवर लाल, सायीसारखा थर आला, तर ते शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया. त्याला साचलेलं पाणी मानवतं, म्हणून पंपाचं तोंड तिकडे वळव. नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे दर रविवारी वहीत लिही, पुढच्या वेळी येईन तेव्हा बघेन.