कोणाचं चुकलं?

१. विमान कुठेही पडो, बातमी माझ्याच अंगणात उतरते. मुलगी वैमानिक व्हायला गेली आहे, हे साऱ्या नांदुऱ्याला ठाऊक. २५ जुलै २०२२ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात बारामतीहून उडालेलं 'सेसना १५२' कोसळलं, तेव्हा ओळखीच्या प्रत्येकानं मला फोन केला. एकटीनं उडणारी ती शिकाऊ तरुणी सुदैवानं बचावली. आमची त्या दिवशी हॉस्टेलवर कपडे वाळत घालत होती. पण माझ्या आईला कोण समजावणार? "काहून पाठवलं रे पोरीले तिकडं?"

२. उंचीची काळजी मी उगाच केली. खरी कसोटी जमिनीपाशी. हे कळलं ते आमच्या घरावर वेळ आली तेव्हा. उतरताना मागची दोन चाकं आधी टेकायची, नाकाचं नंतर. वेग जरा जास्त राहिला की विमान टेकून उसळतं. अशा वेळी दांडा पुढे रेटून त्याला खाली दाबावंसं वाटतं, आणि तिथंच घात होतो. नाकाचं चाक आधी आदळतं, दुसरी उसळी पहिलीहून मोठी. आमच्या लेकीच्या विमानाचं ते चाक मोडलं, प्रोपेलर धावपट्टीला घासला. पोरीला खरचटलंही नाही. पण प्रोपेलर घासला की इंजिन उघडून तपासावं लागतं. "लागलं का?" नंतरचा माझा प्रश्न खर्चाचा होता, हे तिची आई अजून विसरलेली नाही.

३. तिसरा प्रश्न माझ्यातल्या मास्तरचा: "कोणाचं चुकलं?" ती म्हणाली, "बाबा, इथं असं विचारत नाहीत." मला ती सारवासारव वाटली. मग वाचलं, आपल्याकडच्या विमान अपघात चौकशीच्या २०१७च्या नियमांतच लिहिलंय: हेतू एकच, पुढचे अपघात टाळणं, दोष कोणाच्या माथी मारणं नव्हे. वेग किती होता, वारा कुठून होता, हात कधी हलला, सगळं तिनं स्वतःहून सांगितलं होतं. माझ्या वर्गातली मुलं मात्र कच्चं गणित रबरानं खोडूनच वही पुढे करायची. लाल पेन हातात धरून जन्म गेला, आणि ती का खोडायची हे निवृत्तीनंतर कळतंय.

४. उतरणं जमेना तर पुन्हा वर जायचं. याला 'गो-अराउंड' म्हणतात. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, चक्कर मारून नव्यानं यायचं. त्याचे गुण कापत नाहीत. उलट वेळेवर केलं तर प्रशिक्षक खूश.

५. श्रद्धेला हसायचं वय सरलं. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि पोरीचा तास वाढला की माझी आई नांदुऱ्याच्या महामार्गावरच्या १०५ फुटी हनुमानापुढे नारळ फोडते. वायुपुत्रच तो, खातं त्याचंच! नारळ हल्ली मीच आणतो. शिवाय रोज फोनवर जाणकारासारखं विचारतो, "आडवा वारा किती होता?"

"बाबा, आज थिअरीचा वर्ग होता."