हरताळाची काच : अवरक्त तंतू आणि पातळ पटले

कलघटगीचे रंगीत लाकडी पाळणे धारवाड जिल्ह्याबाहेरही ओळखले जातात. लाकडावरच्या चित्रांना लाखेची झळाळी असते. लाखेच्या थराखालचे चित्र स्पष्ट दिसते, म्हणून त्या थराला आपण पारदर्शक म्हणतो. रोजच्या बोलण्यात एवढे पुरते. विज्ञानाच्या पाठात मात्र ‘पारदर्शक’ हे विशेषण एकटे वापरले की विद्यार्थ्याची दिशाभूल होते. कोणत्या प्रकाशाला पारदर्शक, हे सांगितल्यावरच त्याला अर्थ येतो. अवरक्त प्रकाशासाठी तयार केलेल्या काचा ही गोष्ट फार चांगली शिकवतात.

‘अवरक्त’ म्हणजे काय?

या शब्दातील ‘रक्त’ म्हणजे तांबडा रंग. विद्यार्थी त्याचा संबंध शरीरातील रक्ताशी लावतात, म्हणून फोड आधी करावी. ‘अव’ म्हणजे खाली. ज्याची वारंवारता तांबड्या प्रकाशापेक्षा कमी, तो अवरक्त. वारंवारता कमी म्हणजे तरंगलांबी जास्त. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचा असतो. अवरक्त त्याच्या पुढे सुरू होतो. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापक ठेवला आणि पारा चढला. आपल्या शरीरातूनही सतत अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. त्याचा जोर ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येतो. तापलेला तवा उभा धरून त्याच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर तळहात धरावा, धग जाणवते. मध्ये खिडकीची काच धरली की धग चटकन कमी होते. काचेऐवजी पॉलिथिनची पातळ पिशवी ताणून धरली, तर धग बरीचशी टिकते. तव्याचा प्रकाश मुख्यतः ६ मायक्रोमीटरच्या आसपासचा असतो. त्याच्यासाठी खिडकीची काच ही भिंत आहे.

काच का अडवते?

काचेतील अणू एकमेकांशी जणू स्प्रिंगने जोडलेले असतात. प्रकाशाची वारंवारता या कंपनांशी किंवा त्यांच्या पटींशी जुळली, की ऊर्जा शोषली जाते. सिलिकॉन आणि ऑक्सिजन हे हलके अणू, आणि त्यांचा बंध ताठ. म्हणून सिलिकाची कंपने जलद होतात. तिचे शोषण सुमारे २ मायक्रोमीटरनंतर झपाट्याने वाढते. अणू जड आणि बंध ढिला असेल, तर कंपने मंद होतात आणि शोषणाची सीमा लांब तरंगांकडे सरकते.

येथे पाळण्याच्या झोक्याचे उदाहरण देण्याचा मोह होईल, तो टाळावा. झोक्याचा आवर्तकाल बाळाच्या वजनावर अवलंबून नसतो. स्प्रिंगला टांगलेले वजन हेच योग्य उदाहरण.

जड अणू आणि ढिला बंध मिळतो तो गंधक, सेलेनियम व टेल्युरियम यांच्या काचांत. त्यांना चॅल्कोजेनाइड काचा म्हणतात. त्यांपैकी एक मराठी वाचकाला नावाने परिचित आहे. आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग म्हणजे हरताळ. पोथीतील चुकलेल्या अक्षरावर लेखनिक त्याचा लेप देत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. (बाजार बंद ठेवण्याचा ‘हरताळ’ वेगळा, तो हाट या शब्दाकडून आलेला.) अणूंच्या याच प्रमाणात वितळवून थंड केलेल्या पदार्थाची तांबूस काच होते आणि तिच्यातून जवळजवळ १० मायक्रोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाश आरपार जातो. अक्षर झाकणारे द्रव्य काचरूपात वाट मोकळी करते! सेलेनियमची अशीच काच तर डोळ्याला काळीकुट्ट दिसते, पण अवरक्ताला ती उघडी खिडकी असते. हरताळ विषारी आहे. नमुना म्हणूनही तो वर्गात आणू नये.

तंतू : किलोमीटर आणि मीटर

छत्रपती संभाजीनगरला तयार होणारे दूरसंचाराचे तंतू सिलिकाचे असतात. १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीला त्यांत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल एवढीच हानी होते. म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. चॅल्कोजेनाइड तंतूतील हानी मात्र मीटरच्या हिशेबात मोजावी लागते. संदेश दूर नेण्यास तो निरुपयोगी. पण जिथे सिलिका आंधळी होते, तिथे तो कामाला येतो. गोबरगॅसमधील मिथेन ३.३ मायक्रोमीटरजवळचा, तर कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रोमीटरजवळचा प्रकाश शोषतो. काही मीटरच्या अशा तंतूने तो प्रकाश शोधकापर्यंत आणला, तर वायू ओळखता येतो.

पातळ पटल : पृष्ठभागावरची गळती

या काचांचा एक दोष आहे. हरताळी काचेचा अपवर्तनांक सुमारे २.४ असल्याने प्रत्येक पृष्ठभागावरून १७ टक्के प्रकाश परततो. साध्या काचेवरून फक्त ४ टक्के. दोन्ही पृष्ठभाग मिळून हरताळी काचेत सुमारे २९ टक्के प्रकाश वाया जातो. उपाय म्हणजे पातळ पटल. पटलाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांना छेदून नाहीसे व्हावेत, यासाठी दोन अटी आहेत: पटलाचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाचे वर्गमूळ, म्हणजे येथे सुमारे १.५५ असावा, आणि जाडी पटलातील तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असावी. ४ मायक्रोमीटरच्या प्रकाशासाठी ही जाडी सुमारे ०.६५ मायक्रोमीटर येते.

लाखेचा अपवर्तनांकही दीडच्या आसपास आहे. मग पाळण्याची लाख चालेल का? नाही. तिच्यातील कार्बन-हायड्रोजन बंध ३.४ मायक्रोमीटरजवळचा प्रकाश शोषतात. शिवाय पाळण्यावरचा थर कितीतरी जाड असतो. तो रंग राखतो, चमक देतो. परतणारा प्रकाश पुसून टाकणे हे त्याचे काम नाही.

म्हणून पाठ लिहिताना ‘काच पारदर्शक असते’ एवढे वाक्य पुरेसे मानू नये. त्याला एक चतुर्थी विभक्ती जोडावी: कोणत्या तरंगलांबीला? या एका प्रश्नाने विद्यार्थी काचेकडे नव्याने पाहू लागतो.

अभ्यासासाठी

१. जर्मेनियमचा अपवर्तनांक ४ आहे. त्यावरील पटलाचा अपवर्तनांक किती हवा? १० मायक्रोमीटरच्या प्रकाशासाठी पटलाची जाडी काढा.

२. रिमोटचा अवरक्त प्रकाश (सुमारे ०.९४ मायक्रोमीटर) खिडकीच्या काचेतून जातो, तव्याची धग अडते. कारण लिहा.

३. ‘अपारदर्शक’ हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहा. दोन्हींत तो कोणत्या प्रकाशासंबंधी आहे, हे स्पष्ट करा.