के. पी. एस. मेनन : एक व्यावसायिक राजदूत

राजदूताच्या कामातील समारंभाचा भाग लोकांच्या डोळ्यांत भरतो. त्याचा बराचसा काळ मात्र लेखणी हाती घेऊन जात असतो. परक्या देशात काय घडत आहे, का घडत आहे आणि त्याचा आपल्या देशाच्या हिताशी किती संबंध आहे, हे आपल्या सरकारला निर्भीडपणे कळविणे हे त्याचे मुख्य कर्तव्य. के. पी. एस. मेनन यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

मेनन यांचा जन्म १८९८ साली कोट्टायम येथे झाला. मद्रास व ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेऊन ते आय. सी. एस. सेवेत दाखल झाले. (१८९७ च्या अमरावती काँग्रेसचे अध्यक्ष सर शंकरन नायर हे त्यांचे सासरे.) वायव्य सरहद्द, सिलोन, भरतपूर संस्थानची दिवाणगिरी असे टप्पे ओलांडल्यावर १९४३ साली त्यांची चीनमध्ये नेमणूक झाली. पुढल्या वर्षी हिंदुस्थानातून चुंगकिंगला जाताना त्यांनी विमानाचा सोयीस्कर मार्ग सोडून काराकोरम व सिंक्यांगमधून खुष्कीचा मार्ग पत्करला आणि त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली. रोजनिशीची ही सवय त्यांना अखेरपर्यंत उपयोगी पडली.

१९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या कोरियाविषयक आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. उत्तर भागात आयोगाला प्रवेश मिळेना. केवळ दक्षिणेत निवडणुका घेतल्यास देशाची फाळणी पक्की होईल, हे मेनन यांना स्पष्ट दिसत होते. आपल्या देशाची फाळणी होऊन तेव्हा वर्षही लोटले नव्हते. तरीही मार्चमध्ये आयोगात मतदान झाले, तेव्हा चार अनुकूल मतांत भारताचे मत होते. ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांनी विरोध केला. १० मे रोजी दक्षिणेत निवडणुका झाल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी कोरियात दोन राज्ये उभी राहिली. सोलमध्ये एका कवयित्रीशी मेनन यांचा स्नेह जडला होता. या प्रसंगी भावनेने बुद्धीवर मात केली, अशी कबुली त्यांनी पुढे आत्मचरित्रात दिली. हे सारे एका व्यक्तीच्या मतावर अवलंबून होते असे मात्र नव्हे. अमेरिका आणि रशिया यांच्या संघर्षापुढे आयोगाचे बळ तोकडे होते.

त्याच वर्षी ते परराष्ट्र सचिव झाले आणि १९५२ साली राजदूत म्हणून मॉस्कोला गेले. १७ फेब्रुवारी १९५३ रोजी क्रेमलिनमध्ये स्टालिन यांनी त्यांना भेट दिली. बोलता बोलता स्टालिन लाल पेन्सिलीने कागदावर लांडगे रेखाटीत होते आणि लांडग्यांशी कसे वागावे हे शेतकऱ्याला ठाऊक असते, असे म्हणत होते. मेनन यांनी हे सारे टिपून ठेवले. ५ मार्च रोजी स्टालिन निवर्तले. त्यांना भेटलेले अखेरचे परदेशी राजदूत म्हणून मेनन यांचे नाव घेतले जाते. योगायोगाने मिळालेल्या अशा प्रसिद्धीला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. महत्त्व आहे ते त्या बारीक नजरेला.

या नजरेची खरी कसोटी १९५६ साली लागली. हंगेरीतील उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला. ९ नोव्हेंबरला, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली तेथे निवडणुका घ्याव्यात या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. देशातही या भूमिकेवर कडक टीका झाली. मॉस्कोतील राजदूताकडेच हंगेरीचेही काम होते, म्हणून मेनन डिसेंबरच्या प्रारंभी बुडापेस्टला गेले. रशियाशी मैत्री वाढविणे हे त्यांचे नेमून दिलेले काम. तरी हा उठाव मूठभर प्रतिगाम्यांचा नसून जनतेचा आहे, असाच निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो दिल्लीपासून दडविला नाही. त्यानंतरही, १९६१ पर्यंत, ते मॉस्कोतच राजदूत राहिले.