प्रश्नावलीचें साधन कसें निवडावें?

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायांत दावीद राजानें करविलेल्या शिरगणतीची हकीकत आहे. राजानें हुकूम सोडला तेव्हां, ही गणती महाराजांस कशासाठीं हवी, असें यवाब सेनापतीनें विचारलें. राजानें त्याचें ऐकलें नाहीं, आणि पुढें त्याला आपल्या कृत्याचा मोठा पश्चात्ताप झाला. यवाबाचा तो प्रश्न आजहि जुना झालेला नाहीं.

हल्लीं गणती करण्यास सेनापति लागत नाहीं. मोबाइलवर दहा मिनिटांत प्रश्नावली तयार करावी, तिची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप समूहावर पाठवावी, आणि संध्याकाळपर्यंत शंभर उत्तरें जमा व्हावीं, इतकें हें काम सोपें झालें आहे. सहलीची नोंदणी, स्नेहसंमेलनांत भाग घेणारांचीं नांवें, ग्रंथालयास हवीं असलेलीं पुस्तकें, हें सारें आतां याच मार्गानें होतें. त्यामुळें विद्यार्थी पुष्कळदां विचारतात, "सर, यासाठीं सर्वांत चांगलें साधन कोणतें?"

सुताराच्या पेटींतील करवत श्रेष्ठ कीं रंधा श्रेष्ठ, असें कोणी विचारीत नाहीं. काम पाहून हत्यार उचललें जातें. येथेंहि तसेंच आहे. म्हणून आधीं कसोट्या पाहूं, आणि मग साधनें पाहूं. पण त्यापूर्वीं मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. कारण या कसोट्यांचा क्रम मला त्या चुकीनें शिकविला.

कांहीं वर्षांपूर्वीं वर्गाच्या सहलीसाठीं मीं एक ऑनलाइन फॉर्म केला होता. त्यांत शेवटचा प्रश्न असा होता कीं, फी भरण्यास अडचण असल्यास ती थोडक्यांत लिहावी. हेतु चांगला होता; अशा मुलांची फी गुपचूप भरण्याचें आम्हीं कांहीं शिक्षकांनीं ठरविलें होतें. परंतु उत्तर देणारास सर्व उत्तरांचा सारांश दाखविण्याची सोय मीं चालू ठेविली होती. सारांश म्हणजे नुसते आंकड्यांचे आलेख, अशी माझी समजूत. वस्तुतः मुलांनीं लिहिलेलीं वाक्येंहि तेथें जशींच्या तशीं दिसत होतीं. एका मुलानें वडिलांची नोकरी सुटल्याचें लिहिलें होतें. त्या वाक्याशेजारीं त्याचें नांव नव्हतें. पण कोणाचे वडील घरीं बसले आहेत हें वर्गास ओळखावयास कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशीं तें सर्वतोमुखीं झालें. मीं त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. "असूं द्या, सर," एवढेंच तो म्हणाला. त्याची फी भरलेली होती, तरी तो सहलीस आला नाहीं.

दोष साधनाचा नव्हता. ती सोय बंद करण्याची कळ तेथेंच होती. मीं ती पाहिली नाहीं. तेव्हांपासून मी पुढील पांच कसोट्या लावतों.

पहिली कसोटी हेतूची. प्रश्न प्रथम कागदावर लिहावे, आणि प्रत्येकापुढें, या उत्तराचें आपण काय करणार, हें लिहावें. ज्यापुढें कांहींच लिहितां येत नाहीं तो प्रश्न खोडावा. जन्मतारीख, पत्ता, वडिलांचा व्यवसाय हे प्रश्न आपण केवळ संवयीनें विचारतों. ग्रंथालयांत कोणतीं पुस्तकें हवींत हें जाणण्यास त्यांतील एकहि लागत नाहीं.

दुसरी कसोटी उत्तर देणाराची. १९३६ सालीं अमेरिकेंत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीपूर्वीं सुमारें १ कोटि लोकांस मतपत्रिका पाठविल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरें आलीं, आणि लँडन निवडून येतील असें साप्ताहिकानें छापलें. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ राज्यांत रूझवेल्ट विजयी झाले. पत्रिका ज्यांस पाठविल्या त्यांचीं नांवें मुख्यतः टेलिफोन व मोटारगाड्यांच्या याद्यांवरून घेतलेलीं होतीं. शिवाय ज्यांस उत्तर द्यावेंसें वाटलें त्यांनींच तें दिलें. उलट जॉर्ज गॅलप यांनीं कितीतरी थोड्या, पण विचारपूर्वक निवडलेल्या माणसांस विचारून रूझवेल्ट यांच्या विजयाचें भाकीत केलें. आपल्या लिंकचेंहि असेंच होतें. ज्याच्या घरीं एकच मोबाइल आहे व तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्याचें मत आपल्या आलेखांत उमटतच नाहीं. म्हणून साधन साध्या मोबाइलवर उघडतें काय, मराठींत प्रश्न नीट दिसतात काय, उत्तर देण्यास खातें लागतें काय, हें पाहावें. आणि कांहीं जणांसाठीं कागदी प्रतीहि ठेवाव्या.

तिसरी कसोटी गुप्ततेची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत मोठी. उत्तरें कोणास दिसतात? तीं कोणाच्या खात्यांत राहतात? काम संपल्यावर पुसतां येतात काय? भारताच्या संसदेनें २०२३ सालीं केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें असून, तिच्या माहितीसाठीं पालकांची पडताळतां येईल अशी संमति घेण्याचें तत्त्व घालून दिलें आहे. म्हणजे शाळेंतील बहुतेक सर्व विद्यार्थी त्या रक्षणांत येतात.

चौथी कसोटी रचनेची. "सहलीस येणार काय?" यास "नाहीं" म्हणणारास जेवणाविषयींचे प्रश्न दिसूं नयेत, अशी फांद्यांची योजना करतां आली पाहिजे. मोबाइल क्रमांकाच्या जागीं दहाच आंकडे घेतले जावे, अशी तपासणीहि हवी.

पांचवी कसोटी खर्चाची. विनामूल्य खात्यांत प्रश्नांची व उत्तरांची मर्यादा किती, आणि सर्व उत्तरें तक्त्याच्या रूपानें उतरवून घेतां येतात काय, हें आरंभींच वाचावें. कंपन्या या मर्यादा वेळोवेळीं बदलतात.

आतां साधनांकडे वळूं. 'गूगल फॉर्म्स' २००८ सालीं प्रथम तक्त्याच्या साधनाचाच एक भाग म्हणून आलें. तें विनामूल्य आहे, मराठी उत्तम दाखवितें, आणि उत्तरें थेट तक्त्यांत भरतें. चांचणी परीक्षेसाठीं गुण देण्याचीहि सोय त्यांत आहे. मात्र उत्तरासोबत फाइल मागितली, किंवा एका व्यक्तीस एकच उत्तर असें बंधन घातलें, तर उत्तर देणाराला गूगलच्या खात्यांत शिरावें लागतें. दुसऱ्या कसोटीच्या वेळीं हें विसरूं नये.

'मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स' हें त्याचेंच भावंड. ज्या शाळेनें विद्यार्थ्यांस त्या कंपनीचीं खातीं दिलीं आहेत, तेथें फॉर्म शाळेपुरताच मर्यादित ठेवतां येतो, आणि उत्तर देणाराचें नांव नोंदवावें कीं नाहीं हेंहि ठरवितां येतें. १९९९ सालीं निघालेलें 'सर्व्हेमंकी' पाहणीच्या कामांत मुरलेलें आहे, आणि बार्सिलोना शहरांत निर्माण झालेलें 'टाइपफॉर्म' एका वेळीं एकच प्रश्न मोठ्या नजाकतीनें पुढें ठेवतें. परंतु दोहोंच्या विनामूल्य खात्यांची मर्यादा शाळेच्या पाहणीस अपुरी पडते.

'लाइमसर्व्हे' हें मुक्त साधन आहे. तें स्वतःच्या सर्व्हरवर बसवितां येतें, आणि मग उत्तरें परक्याच्या घरीं जात नाहींत. मात्र तो सर्व्हर सांभाळणारा जाणता माणूस हवा. 'कोबोटूलबॉक्स' हें मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठीं घडविलेलें साधन. जेथें नेटवर्क नाहीं तेथें मोबाइलवर उत्तरें लिहून घ्यावीं, आणि नेटवर्क मिळतांच पाठवावीं, अशी त्याची रीत आहे. वाडीवस्तीवर घरोघर जाऊन पाण्याची किंवा आरोग्याची पाहणी करावयाची असेल, तर हेंच घ्यावें.

सारांश, वर्गाच्या नोंदणीस गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट पुरे. वस्तीवरील पाहणीस कोबोटूलबॉक्स. सांभाळणारा माणूस असेल व विषय नाजूक असेल तर लाइमसर्व्हे. आणि कांहीं प्रश्नांस कोणतेंच साधन नको. सहलीच्या फीविषयीं मीं त्या मुलास एकट्यास बोलावून विचारावयास हवें होतें.

साधन कोणतेंहि असो, लिंक पाठविण्यापूर्वीं एक गोष्ट चुकवूं नये. दुसऱ्याच्या मोबाइलवरून फॉर्म स्वतः भरून पाहावा, आणि भरल्यावर पडद्यावर काय काय दिसतें तें नीट पाहावें. या कामास दोन मिनिटें लागतात. मीं तीं वांचविलीं होतीं.

विद्यार्थिमित्रांनो, उत्तर देणारा आपल्या घरची गोष्ट आपल्या हातीं विश्वासानें देतो. तक्त्यांत ती एक ओळ होते, परंतु त्याच्या घरीं ती ओळ नसते. तेव्हां पुढल्या खेपेस फॉर्म उघडाल, त्या वेळीं प्रथम यवाबाचा प्रश्न स्वतःस विचारा. त्याचें उत्तर सरळ देतां आलें, तर साधन निवडणें कठीण नाहीं.