खांडबाऱ्याचे ऋतुमान

नंदुरबार जिल्ह्यातील खांडबारा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर व नंदुरबार यांच्या दरम्यान वसलेले गाव. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे नवापूरच्या डोंगराळ भागात भरपूर पाऊस देतात. ईशान्येस नंदुरबारकडे त्याचे प्रमाण घटते. त्यामुळेच नवापूरकडे भात, तर नंदुरबारकडे मिरची पिकते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. हिवाळा थंड व कोरडा असून एप्रिल-मे महिन्यांत कडक ऊन तापते. डोंगरउतारावरील पाणी ओढ्यानाल्यांतून वेगाने वाहून गेल्यास पुरेशा पावसानंतरही उन्हाळ्यात विहिरी आटतात. म्हणूनच येथील प्रश्न केवळ पर्जन्यमानाचा नसून पाणी जमिनीत जिरविण्याचा आहे. बांधबंदिस्ती, नालाबंडिंग आणि वनसंवर्धन यांचे महत्त्व त्यातच सामावलेले आहे.