‘आपण जिंकलो’ : सर्वनाम आणि समूहभाव

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हंगामातील पहिला फुटबॉल सामना जिंकल्यावर तालीम संघाच्या समर्थकांची चर्चा ऐका. तिच्यात असे वाक्य सहज येते : ‘आपण जिंकलो, पण बचावफळीने मोकळी जागा सोडली.’ बोलणारा स्वतः खेळलेला नसतो. तरी विजयात तो ‘आपण’ म्हणतो. दोष दाखवताना मात्र तृतीय पुरुषाकडे वळतो.

मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. म्हणून प्रतिस्पर्धी संघाच्या समर्थकाला हाच माणूस ‘आम्ही जिंकलो’ असे सांगेल. सर्वनाम केवळ पुरुष व वचन दर्शवत नाही. ते आपले-परके यांची सीमाही आखते.

स्वयं-अध्ययन : पराभवानंतरच्या चर्चेत ‘आपण’ टिकते का? पाच वाक्ये नोंदवून सकारण लिहा.