पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा

ऊस विकास अधिकाऱ्याने हाडांवर काय लिहावे, असे आपणास वाटेल. पण फडाच्या बांधावरून फिरताना बघतो ना! साठीच्या बाया मोळी उचलतात आणि 'चमक भरली' म्हणून अंथरूण धरतात. माझ्या आईचे तेच झाले. घागर उचलताना कळ आली, फोटोत मणका दबलेला निघाला. तिची उंची घटत होती, पोक येत होते. आम्ही 'वय झालं' म्हणून सोडून दिले.

याला अस्थिसुषिरता म्हणतात. वाळवी लागलेल्या वाशासारखे हाड वरून शाबूत, आतून पोकळ. पाळी गेल्यावर बायकांत ही झीज वेगाने होते. पुरुषही सुटत नाहीत.

राळेगणसिद्धीने १९७५ नंतर नाल्यांवर बांध घालून पाणी मुरवले, आणि साठा बघून उसासारख्या तहानलेल्या पिकाला आवर घातला. उसाच्या माणसाने हे सांगायला लाजू नये. हाडांचेही तसेच आहे. नाचणी, दूध, ऊन आणि चालणे यांनी साठा राखायचा, आणि भार जपून टाकायचा.

पाठ वाकवून उचलले की भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि तिथेच तो दबतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचा १९८४ सालचा अभ्यास फक्त ५९ बायकांचा, पण धडा मोठा. पुढे वाकण्याचे व्यायाम केलेल्या गटात शेकडा ८९ जणींचे मणके आणखी दबले; पाठ ताठ करण्याचे व्यायाम केलेल्या गटात शेकडा १६ जणींचे.

म्हणून एवढे करा :

१. उचलताना पाय फाकवा, गुडघे वाकवा, पाठ सरळ, ओझे अंगाशी. वळायचे तर कंबर पिळू नका, पाय फिरवा.

२. खुर्चीवर ताठ बसून कोपरे मागे ओढा, पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा.

३. ओटा धरून टाचा उचला. तोल सुधारतो, पडणे टळले की खुबा वाचतो.

४. रोज अर्धा तास चाला.

५. उभ्याने वाकून पायाचे अंगठे धरणे, पश्चिमोत्तानासन टाळा.

६. खुरपताना मधूनमधून उठून पाठ ताठ करा. जमेल तिथे लांब दांड्याचे हातकोळपे वापरा.

अचानक कळ आली किंवा उंची घटली, तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. यावर औषधे आहेत. मणका एकदा दबला असेल, तर व्यायामही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

पडलेला ऊस कारखाना घेईल. मोडलेली माय सावरायला मात्र घर पुरत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी